आप्पांच्या गाडीचं उजवं मागचं चाक

ब्रेकचा ड्रम कसा दिसतो हे त्या रविवारपर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. हे कबूल करताना जीभ जरा अडखळते, कारण गेली बावीस वर्षं मी विमा कंपनीत मोटार अपघातांच्या टेबलावर बसतो. 'ब्रेक निकामी झाल्यामुळे' हे शब्द मी दिवसातून चार वेळा तरी लिहितो, आणि त्यावर अशा आत्मविश्वासाने सही करतो की समोरच्याला वाटावं, याने आयुष्य गाडीखाली आडवं पडून काढलंय. प्रत्यक्षात गाडीखाली मी एकदाच वाकलो होतो, तेही घरंगळलेलं लिंबू काढायला.

सुरुवात झाली ती इमारतीच्या सेक्रेटरींच्या पत्राने. पार्किंगची फरशी उखडून नवी घालायची होती, त्यामुळे 'पंधरा दिवसांत जागेवरून न हलणारी वाहने भंगार समजून उचलून नेण्यात येतील' असं त्यांनी सर्वांना कळवलं होतं. 'सर्वांना' हा शब्द निव्वळ सभ्यपणा होता. न हलणारं वाहन इमारतीत एकच होतं, आणि ते माझ्या सासऱ्यांचं होतं.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. नऊ वर्षांपूर्वी ते आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले ते याच गाडीतून. फिक्या हिरव्या रंगाची, गोलमटोल, माझ्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठी गाडी. पुढची चकचकीत पट्टी अशी की मिशी ठेवलेल्या मामलेदाराने रोखून बघावं. त्या दिवशी ती पार्किंगमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. पण आप्पा रोज सकाळी सातला खाली जाऊन तिच्यात बसतात, काच खाली करतात आणि तासभर पेपर वाचतात. सासूबाई वरून चहा पाठवतात. पाठवतात म्हणजे मी नेतो.

"हे आप्पांना कोण सांगणार?" पत्र वाचून बायकोने विचारलं. विचारताना ती माझ्याकडेच बघत होती, त्यामुळे उत्तराची गरज उरली नाही.

मी सांगितलं. आप्पांनी पत्राच्या आठ सारख्या घड्या केल्या आणि खिशात ठेवलं. "नेऊ देत," एवढंच म्हणाले. त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले. सासूबाई मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "एक्कावन्न वर्षांत या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय. एकशे तीन ताप असताना दोनदा वाढून घेतलं होतं यांनी." मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "गाडी चालू करू आपण. मी करतो."

बायकोच्या हातातला डाव तसाच हवेत राहिला. लग्नानंतर इतकी हबकलेली मी तिला पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी वाहन तपासणी कार्यालयात गेलो. इतकी जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची तर त्यांचा दाखला लागतो. खिडकीतले कारकून अत्यंत शांत होते.

"गाडी घेऊन या. ब्रेकची तपासणी होईल," ते म्हणाले.

"गाडी हलत नाही. मागची दोन्ही चाकं जाम आहेत."

"कशाने?"

"ब्रेक अडकून बसलेत."

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे ब्रेक लागलेत."

"हो."

"मग 'लागतात' असं लिहू?"

"पण ते सुटत नाहीत."

त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "सुटण्याचा रकाना नाही यात."

बावीस वर्षं मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. बाहेरून हे ऐकायला कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं, आणि ज्यांना ज्यांना मी असं काही सुनावलं असेल त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मागच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, इंजिनाची काळजी करू नका, ते माझ्याकडे लागलं. "पण मागचे ड्रम तेवढे तुम्ही काढून ठेवा. कंबरेने दगा दिलाय, खाली बसून जोर लावता येत नाही मला. काही नाही हो त्यात. चाक काढायचं, आत पातेल्यासारखा लोखंडी ड्रम दिसेल, त्याला हातोडीचे दोन ठोके मारायचे. निघतो."

दोन ठोके. तो आकडा मी कागदावर लिहूनही घेतला होता.

रविवारी सकाळी जॅक लावून डावं चाक काढलं, तेव्हा आत खरंच एक पालथं पातेलं होतं, गंजून तांबूस झालेलं. त्याच्या आत दोन अर्धगोल पट्टे असतात, त्यांना शू म्हणतात. ब्रेकवर पाय दाबला की ते पसरतात आणि पातेल्याला आतून घट्ट धरतात. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ते धरून ठेवलेलं सोडायचं विसरतात. मी दोन ठोके मारले. मग आणखी दोन. चाळिसाव्या ठोक्याला वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या, आणि साठाव्यापर्यंत सल्लागार मंडळ खाली उतरलं.

त्यात प्रमुख दोघे. एक तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर, ज्यांनी जन्मभर पूल बांधले. "माझ्या हाताने जोडलेली एकही गोष्ट आजवर सुटलेली नाही," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना वस्तू सोडवण्यातला तज्ज्ञ मानून टाकलं. दुसरे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते काही न बोलता खाली बसले आणि त्यांनी ड्रमवर नखाने टिचकी मारून पाहिली.

"दुखतंय का?" मी विचारलं. हा विनोद होता. डॉक्टर हसले नाहीत.

इंजिनियर म्हणाले, तेल. भरपूर तेल सोडा आणि चोवीस तास हात लावू नका. मी भरपूर सोडलं. चोवीस तास हातही लावला नाही. तेलाला मात्र ही सूचना कोणी दिली नव्हती. ते ड्रममधून गळून फरशीच्या उतारावरून शांतपणे निघालं आणि सोमवारी सकाळी सेक्रेटरींच्या स्कूटरपर्यंत पोचलं. सेक्रेटरी पडले असं मी म्हणणार नाही. ते उभ्याचे हळूहळू बसले. हातात डबा, डोक्यावर हेल्मेट आणि चेहऱ्यावर असा काही भाव, की जमीन त्यांच्याशी असं वागेल हे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांना मी उठवायला गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. 

"बारा दिवस राहिलेत," बसल्या जागेवरून ते म्हणाले.

बुधवारी मेकॅनिकने फोनवरून युक्ती सांगितली. मागच्या पत्र्याला एक बारीक भोक असतं, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतली दातेरी चक्री उलटी फिरवायची, म्हणजे शू आवळतात आणि ड्रम सैल होतो. "हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं विमा कंपनीतल्या माणसाला हे ठाऊक असणार." मी पत्र्याच्या मागे तासभर चाचपडलो, चक्री सापडली, फिरवली, पुढून एक ठोका मारला आणि डावा ड्रम अलगद माझ्या मांडीवर येऊन बसला. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तो मी छातीशी धरून वर नेला, घरातल्या सगळ्यांना दाखवला. सासूबाईंनी त्याच्याखाली आधी कागद अंथरला आणि मग कौतुक केलं.

आप्पांनी मात्र त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. जरा वेळाने म्हणाले, "झालं ना एक? छान झालं. उजवीकडचं राहू द्या, जावईबापू."

"अहो आप्पा, ते चाकही जाम आहे. दोन्ही काढावे लागणार."

"उजवीकडचं चांगलं आहे. मला माहितीये."

मला जरा लागलं. वाटलं, एवढा ड्रम काढून आणला तरी या माणसाचा जावयावर भरवसा नाही. त्यानंतर तर रोज काही ना काही सुरू झालं. आज ऊन फार आहे. आज तुमचा चेहरा उतरलाय. आज तुमच्या बायकोला बाजारात जायचंय. शुक्रवारी हातोडी सापडेना, ती चपलांच्या कपाटात आप्पांच्या जुन्या बुटात निघाली. मी अपमान गिळला आणि उजव्या चाकाला भिडलो. आता तर प्रश्न अब्रूचा होता.

पण उजवा ड्रम वेगळ्याच मातीचा होता. भोकातून स्क्रूड्रायव्हर घातला तर आत चक्रीच लागेना. स्क्रूड्रायव्हर पोकळीत नुसता फिरत होता. इंजिनियर म्हणाले, गंजाने चक्री झिजली असणार. डॉक्टर म्हणाले, "हे मुळाशी धरलंय. ओढू नका, हलवा. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. दात तोडण्यात जोर नसतो, चिकाटी असते." शनिवारी आम्ही दोघांनी आळीपाळीने तो पाऊण तास हलवला. म्हणजे आम्ही हललो. डॉक्टरांचा खांदा धरला आणि त्यांनी पुढच्या तीन दिवसांचे रोगी पुढे ढकलले. त्यात सेक्रेटरींची अक्कलदाढ होती हे मला नंतर कळलं.

रविवारी इंजिनियर लोखंड तापवायचा गॅसचा टॉर्च घेऊन आले. लोखंड तापलं की फुगतं, हे आप्पांनीच कधीतरी शाळेत शिकवलं असेल, पण त्या दिवशी ते गॅलरीतून "नको, नको" म्हणत होते. ड्रम तापला. त्याच्या पोटात नऊ वर्षांचं ग्रीस होतं आणि आठवड्याभराचं माझं तेल होतं. आधी एक पांढरी रेघ निघाली, मग करडा लोट निघाला, आणि बघता बघता पार्किंगमध्ये स्वतःचा हात दिसेना. ज्वाला अशी कुठेच नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण सेक्रेटरींनी सुजलेल्या गालाने फोन केला, आणि दहा मिनिटांत बंब फाटकाशी येऊन उभा राहिला.

मी आयुष्यात कोणाकडे बंब बोलावलेला नाही, आणि हा थेट माझ्याकडेच आला होता. सहा माणसं हेल्मेट घालून उतरली. त्यांनी धुरात शिरून शोध घेतला आणि त्यांना लुंगी नेसलेले इंजिनियर मिळाले. अधिकाऱ्यांनी वही काढली.

"आग कुठे लागली?"

"आग नाही, धूर आहे."

"धूर कुठे लागला?"

"चाकाला."

"कारण?"

"ते निघत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "व्यवसाय?"

मोटार विमा, हे शब्द माझ्या तोंडून इतक्या हळू कधीच निघाले नसतील. त्यांनी ते पुन्हा मोठ्याने म्हणायला लावले आणि लिहून घेतले.

सोमवारी मेकॅनिक स्वतः आला, कंबरेला पट्टा बांधून. त्याच्याजवळ तीन नखांचा पुलर होता. ती नखं ड्रमच्या कडेला अडकवायची आणि मधला स्क्रू आवळत जायचं, म्हणजे ड्रम बाहेर ओढला जातो. त्याने सांगितलं तसा मी स्क्रू आवळला, दात खाऊन आवळला, आणि पुढे पाना सरकेना. "आता सोडून द्या," तो म्हणाला. "ताण बसलाय. मनात येईल तेव्हा सुटेल. समोर कोणी उभं राहू नका." आम्ही सगळे भिंतीशी खुर्च्या टाकून बसलो. मी, बायको, सासूबाई, डॉक्टर, इंजिनियर. चहा आला. आप्पाही खाली आले, पण बसले नाहीत. जिन्याचा कठडा धरून उभे राहिले.

साडेचारला आवाज झाला. लोखंडी तिजोरी जिन्यावरून टाकावी तसा. ड्रम उडाला, फरशीवर गोल गोल फिरत सेक्रेटरींच्या स्कूटरला जाऊन टेकला आणि थरथरत थांबला. माझा चहा माझ्या शर्टावर होता. इंजिनियर खुर्चीमागे होते. 

मेकॅनिक कंबर धरून वाकला, आत टॉर्च मारला आणि तसाच राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "यात काही नाही."

"म्हणजे काही बिघाड नाही?"

"म्हणजे काही नाहीच. शू नाहीत, स्प्रिंगा नाहीत, चक्री नाही. तेलाचा पाइप ठोकून बंद केलाय. चाक अडकलं होतं ते आतली बेअरिंग धरल्याने. या चाकाला ब्रेकच नाही."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच तिथे एक स्वच्छ, रिकामी, गोल जागा होती. मेकॅनिक म्हणाला, "हे गंजाने नाही झालेलं. कोणीतरी हाताने काढलंय."

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या.

आप्पांनी घसा साफ केला. वर्गात अवघड गणित फळ्यावर मांडण्याआधी करत असतील तसा. "झिजले होते," ते म्हणाले. "नवे यायला पंधरवडा लागणार होता. आणि हिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं." हिला म्हणजे माझ्या बायकोला, बाळंतपणासाठी. "तर तेव्हाच्या मेकॅनिकने तात्पुरतं बंद करून दिलं. मग राहून गेलं."

"आप्पा," बायको म्हणाली, "चिरंजीवाला नोकरी लागून दोन वर्षं झाली."

मी मनात हिशेब केला. तेवीस वर्षांपैकी चौदा वर्षं ही गाडी चालत होती. माझी बायको आणि दोन दिवसांचं मूल तिच्यातून घरी आलं होतं. आम्ही डोंगरावरच्या बंगल्यात सुट्टीला गेलो होतो, तो सगळा उतार. नऊ वर्षांपूर्वी यांचं बिऱ्हाड आणलं तेव्हा आप्पांच्या शेजारी मी बसलो होतो, मांडीवर सासूबाईंचं शिवणयंत्र घेऊन.

"तीन होते की," आप्पा म्हणाले. "चारांतले तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के. पहिला वर्ग. फक्त ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. म्हणून मी मारतच नसे. बेताने चालवायचो."

आणि मग मला ते आठवलं, जे सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. गाडी चालवावी तर आप्पांनी. पोटातलं पाणी हलणार नाही. सायकली पुढे जायच्या, एकदा तर बँड वाजवत जाणारी वरात पुढे गेली, पण आप्पा शांत. सासूबाई हे अभिमानाने सांगायच्या. नवऱ्यांबद्दल तक्रारींच्या गप्पा निघाल्या की त्या म्हणायच्या, आमच्या ह्यांना कशाची म्हणून घाई नाही.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी रिकाम्या चाकाजवळ जाऊन आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी शेजारी बसायचे," त्या म्हणाल्या.

आप्पांनी मान खाली घातली. "सांगणार होतो गं. पण तू म्हणायचीस, किती जपून चालवता. मग सांगवेना."

सासूबाई कप उचलून वर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आप्पांशी बोलणं बंद केलं. त्यात रागावणं नव्हतं, भांडणं नव्हतं. ताट वाढायच्या, गोळ्या काढून ठेवायच्या, पण शब्द नाही. आप्पा जेवायला लागले होते, पण चोरासारखे. एकदा रात्रीच्या जेवणाला त्यांनी मीठ मागितलं तर सासूबाई बायकोला म्हणाल्या, "मीठ दे त्यांना." एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदाच 'त्यांना'. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी आमटीकडे पाहिलं. ही सगळी माझी करणी होती. मी दोन ठोके मारले नसते तर एका घराचा संसार सुखाने पंचाहत्तर टक्के चालला असता.

मेकॅनिकने नवे शू, नवा पाइप, सगळं चारही चाकांना बसवलं. चौदाव्या दिवशी मी आणि तो गाडी तपासणीला घेऊन गेलो. दाखला मिळाला. संध्याकाळी पार्किंगमध्ये उतरून मी आप्पांच्या हातात किल्ली दिली. त्यांचा परवाना चालू होता. न चालणाऱ्या गाडीसाठी त्यांनी तो दर वेळी न चुकता नवा करून घेतला होता.

"या चक्कर मारून," मी म्हणालो. "मी मागे बसतो."

बायको माझ्या शेजारी बसली. पुढची डावी जागा रिकामी होती. आप्पांनी इंजिन चालू केलं, पण गाडी काढली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. दोन मिनिटं गेली असतील. जिन्यावर चपला वाजल्या, सासूबाई आल्या, पुढचं दार उघडून बसल्या आणि पदर नीट केला. समोर बघत. एक शब्द नाही.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि आप्पांनी पाय दाबला.

म्हणजे वेग वाढवायचा पाय. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, बेताने चालवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गणिताच्या शिक्षकाने रस्ता मोकळा बघून गाडी अशी सोडली की मी आणि बायको सीटच्या पाठीला चिकटलो. दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. एक मोटारसायकलवाला मागे पडला आणि त्याने वळून पाहिलं. बायकोने माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा मी मुलाचा पाहिला होता, पहिल्यांदा सायकल सोडली तेव्हा.

पुढे चौक आला. दिवा लाल होता. आप्पांनी ब्रेक मारला.

गाडी थांबली. डावीकडे न ओढता, उजवीकडे न ओढता, चारही चाकांवर, सरळ रेषेत, आणि इतकी जागच्या जागी की माझं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि सासूबाईंचा चष्मा उडून त्यांच्याच मांडीत पडला. मागे कोणीतरी हॉर्न दाबून धरला. मग तोही थांबला.

"थांबली," आप्पा म्हणाले. "बघितलंस? थांबते."

सासूबाईंनी चष्मा उचलला. पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, डोळ्यांवर चढवला आणि काचेतून खाली, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "रेघेच्या अलीकडे थांबायचं असतं. घ्या मागे."

आप्पांनी गाडी मागे घेतली.